विक्रम पटेलांच्या संशोधनातला आपण गाळलेला भाग

संशोधकाचा प्रभाव मोजण्याची विद्यापीठांची रीत ठरलेली आहे. निबंध किती, कुठल्या नियतकालिकात, पुढे किती जणांनी त्यांचे दाखले दिले, पुरस्कार कोणते मिळाले. या रीतीने मोजलं तर डॉ. विक्रम पटेल यांच्याबद्दल वाद घालण्यासारखं फारसं उरत नाही. १९६४ साली मुंबईत जन्मलेले हे मनोविकारतज्ज्ञ आज हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक आहेत. २०१५ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०१९ साली कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाची जागतिक मानसिक आरोग्यावरची २००७ सालची लेखमाला आणि त्याच विषयावरच्या आयोगाचा २०१८ सालचा अहवाल, दोन्हींच्या केंद्रस्थानी ते होते.

मला इथे दुसरं मोजमाप लावायचं आहे, आणि ते लावण्याचा हक्क कोकणातल्या माणसाला इतर कुणापेक्षा जास्त आहे. कारण पटेलांचं सगळ्यात महत्त्वाचं काम आपल्याच किनाऱ्यावर झालं. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत. तीच जांभ्याची घरं, तोच पाऊस, कामधंद्यासाठी बाहेर गेलेली तीच मुलं आणि मागे राहिलेल्या त्याच आया. या कामातून जे सिद्ध झालं त्यातला स्वस्त भाग आपल्या आरोग्य यंत्रणेने उचलला आणि ज्याच्या जोरावर ते सिद्ध झालं तो भाग गाळून टाकला, असं माझं म्हणणं आहे.

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी तासभर बसावं. पंचावन्न-साठीची बाई केस पेपर पुढे करते. ''काय होतंय मावशी?'' ''अंगात त्राणच नाय ओ डॉक्टर. हातपाय मोडून येतत. रात्री डोळ्याक डोळो लागणा नाय.'' डॉक्टर ब्लडप्रेशर बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघतात. बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, पित्ताची गोळी. केस पेपरवर 'जनरल वीकनेस'. मावशी म्हणते, एक ताकदीचं इंजेक्शन तरी द्या. मागे रांग दारापर्यंत गेलेली असते. नवरा गेल्यापासून घरात ती एकटी आहे, मुलगा-सून विरारला, घराला कुलूप लागू नये म्हणून ती इथे राहते, दुपारची भाकरी ती आता करतच नाही, हे कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. यात डॉक्टरचा दोष काढण्यात अर्थ नाही. एका माणसाने एका सकाळी एवढ्या रुग्णांना जेवढा वेळ द्यावा तेवढा तो देतो.

पुढे ती देवळात जाते. गुरव कौल लावतो, घाडी गाऱ्हाणं घालतो. या वाटेला नावं ठेवणारे खूप आहेत, पण तिथे तिचं दुःख कुणीतरी मोठ्या आवाजात, तिच्या नावानिशी, चारचौघांसमोर बोलतं. ओपीडीत तेवढंही होत नाही.

पटेलांच्या कामाचा उगम याच प्रश्नात आहे. नव्वदच्या दशकात ते झिंबाब्वेत हरारेला होते. नैराश्य हा बहुधा श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या डॉक्टरांचा चष्मा असावा, अशी शंका घेऊन ते तिथे गेले होते. दवाखान्यांत आणि तिथल्या पारंपरिक वैद्यांकडे येणाऱ्या रुग्णांशी बोलल्यावर त्यांचं मत पालटलं. दुःखाची कारणं आणि ते सांगण्याची तऱ्हा वेगळी, पण झोप उडणं, कशातच मन न लागणं, जगणं नकोसं होणं तेच. तिथल्या शोना भाषेत, तिथल्या लोकांच्या बोलण्यातून चौदा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली त्यांनी तयार केली. पुढे डिक्सन चिबांडा या झिंबाब्वेच्याच डॉक्टरांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून रुग्णांशी बोलणाऱ्या आज्यांचा उपक्रम उभा केला आणि २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा रुग्ण निवडायला हीच प्रश्नावली वापरली गेली. विद्वत्तेचा प्रभाव म्हणतात तो मला अशा ठिकाणी खरा वाटतो. एकाने केलेलं अवजार दुसऱ्याने हातात घेतलं.

१९९६ साली ते गोव्यात आले आणि सहकाऱ्यांबरोबर 'संगाथ' ही संस्था सुरू केली. २००१ साली त्यांनी सुमतिपाल यांच्यासह एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. मला तो त्यांच्या मोठ्या निबंधांइतकाच मोलाचा वाटतो. मानसोपचारातल्या सहा आघाडीच्या नियतकालिकांचे अंक त्यांनी चाळले आणि लेखांचे देश मोजले. ज्या प्रदेशांत जगाची नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या राहते, तिथून आलेलं साहित्य अवघं ६ टक्के होतं. म्हणजे मनाच्या आजारांचं जे शास्त्र जगभर शिकवलं जातं ते मूठभर देशांतल्या रुग्णांवरून बेतलेलं आहे. हे आकड्यांत मांडल्यावर पुढची पंधरा वर्षं त्यांनी गोव्यातून त्या सहा टक्क्यांत भर घातली.

त्यातले दोन अभ्यास कोकणातल्या प्रत्येक नर्सने आणि डॉक्टरने वाचायला हवेत. पहिला बाळंतिणींचा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या बायकांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून पुढे गाठलं गेलं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के बायका नैराश्यात होत्या. त्यामागे काय होतं? घरची ओढगस्त, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगी झाली ही गोष्ट. बहुतेकींचा त्रास बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेला होता. आपल्याकडे गरोदर बाईच्या कार्डावर वजन, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळ्याला रकाना आहे.

दुसरा अभ्यास हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या सुमारे अडीच हजार बायकांचा. अंगावरून पांढरं जातं, ही आपल्याकडच्या बायकांची सगळ्यात जुनी तक्रार. उपचाराची ठरलेली पद्धत म्हणजे ही तक्रार आली की जंतुसंसर्ग गृहीत धरून गोळ्यांचा कोर्स द्यायचा. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तक्रार ऐकली, तपासण्याही केल्या. या तक्रारीचं नातं मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या जाचाशी फार घट्ट निघालं. किती बायकांनी किती वर्षं त्या गोळ्या गिळल्या असतील याचा विचार करून मला अजून अस्वस्थ वाटतं.

मग उपचाराचं काय? इथेच त्यांच्या कामातला तो टप्पा येतो ज्याची चर्चा कमी होते. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये गोव्यातल्या सामान्य ओपीडीतल्या ४५० रुग्णांवरची चाचणी आली. काहींना नैराश्यावरचं औषध, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी, काहींना बोलण्याचा उपचार. औषधाचा सुरुवातीला फायदा दिसला. बोलण्याचा उपचार त्या खोट्या गोळीहून सरस ठरला नाही. बोलण्यावर विश्वास असलेल्या माणसाने आपल्याच चाचणीचा हा निकाल जसाच्या तसा छापला आणि नंतर उपचार नव्याने घडवायला घेतला. कोणी बोलायचं, कुठे, किती वेळा, काय बोलायचं, सगळं पुन्हा.

त्यातून 'मानस' ही चाचणी झाली. गोव्यातली बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टर, मिळून २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी प्रत्येकी एक आरोग्य समुपदेशक नेमली. तिला मानसशास्त्राची पदवी नव्हती, ती स्थानिक होती आणि प्रशिक्षण घेतलेली होती. तिच्या जोडीला तिथलाच डॉक्टर आणि अधूनमधून येणारा मानसोपचारतज्ज्ञ. २०१० साली निकाल आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशक असलेल्या ठिकाणचे ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणचे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तिथले रुग्ण दोन्हीकडे सारखेच बरे होत होते.

या शेवटच्या वाक्याचा मी खूप विचार केला आहे. माझा अर्थ असा, की गावातला खासगी डॉक्टर रुग्णाला ओळखतो. सासूचा मधुमेह, मुलाची दहावी, बागेवरचं कर्ज, सगळं त्याला ठाऊक असतं, आणि तपासताना तो दोन शब्द त्याबद्दल बोलतो. समुपदेशकाने सरकारी केंद्रात जे आणलं ते तिथे आधीपासून थोडंफार होतं. कणकवली, राजापूर, दापोलीत असे डॉक्टर आता थकत चालले आहेत आणि त्यांची मुलं पुण्या-मुंबईला स्थिरावली आहेत, हे लक्षात घेतलं तर सरकारी केंद्रातल्या त्या समुपदेशकाची गरज पुढच्या काळात वाढतच जाणार.

त्यानंतरची चाचणी याहून नेमकी होती. दहा आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यातले. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. बायकांवर घरी होणारी मारहाणही बैठकांच्या गटात कमी नोंदली गेली.

त्या बैठकांत काय चालतं हे सांगायला हवं, कारण 'समुपदेशन' म्हटलं की आपल्याकडे उपदेश डोळ्यांपुढे येतो. मनाला लावून घेऊ नका, देवाचं नाव घ्या, मुलांकडे बघा. इथे तसलं काहीच नाही. वरच्या मावशीचंच उदाहरण घेऊ. पहिल्या बैठकीत समुपदेशक तिचं ऐकून घेते आणि मग दोघी मिळून कालचा दिवस मांडतात. कधी उठलात, मग काय केलंत, तेव्हा कसं वाटत होतं. दिवसभर पडून राहिलं की संध्याकाळी जीव जास्त घाबरा होतो, आणि परवा शेजारीण आली होती तेव्हा जरा बरं वाटलं होतं, हे मावशीच्याच तोंडून बाहेर येतं. पुढच्या आठवड्यासाठी अगदी लहान कामं ठरतात. सकाळी पडवी झाडून काढायची. एका दिवसाआड दुपारची भाकरी. शनिवारच्या भजनाला जायचं, गायचं नसलं तरी बसायचं. पुढच्या वेळी काय जमलं, काय नाही, का नाही, हे बघायचं. भजनाला गेले नाही कारण जाऊ विचारेल तू अशी का सुकलीस. मग त्या जावेला काय सांगायचं याची तयारी करायची. दर वेळी नऊ प्रश्नांची छोटी यादी विचारून त्रास किती कमी झाला हे तपासायचं. माणूस बरं वाटायची वाट बघत हातपाय हलवायचं थांबतो, आणि न हलल्यामुळे बरं वाटणं आणखी लांबतं. तो फास सोडवण्याची ही रीत आहे. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे आणि नीट शिकवलं तर बारावी झालेल्या बाईला ते करता येतं, हे त्या ४९५ जणांनी दाखवलं.

दारूवरची चाचणी याच बरोबरीने झाली, ३७७ पुरुषांवर, डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्यासह. एक ते चार बैठका. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांतले ४२ टक्के दारूपासून दूर होते, इतरांतले १८ टक्के. पण जे पीत राहिले त्यांचं पिणं कमी झालं नाही आणि बायकोला मारणंही थांबलं नाही. हेही निबंधात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता गाळलेल्या भागाकडे येतो. या चाचण्यांतली समुपदेशक तज्ज्ञ नव्हती, एवढं एक वाक्य धोरणकर्त्यांनी पकडलं. तज्ज्ञ नको, साधी बाई चालते. मग आशाताई आहेतच! आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांत ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या त्यांत मानसिक आजारांची प्राथमिक तपासणीही आली आणि गावपातळीवरचं ओझं आशांच्या पिशवीत पडलं. आधीच तिथे गरोदर बायकांच्या याद्या, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्म आहेत. कोकणात तर एक वाडी डोंगरावर, दुसरी खाडीला. हजार लोकसंख्येला एक आशा हे गणित सपाट मुलखात ठीक. इथे तेवढ्या घरांना दिवसाची चढउतर पडते. तिला ठरलेला पगार नाही, कामागे मोबदला आहे, आणि तो वाढावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना २०२४च्या जानेवारीत संपावर जावं लागलं. अशा बाईने कुणासमोर आठ आठवडे, दर आठवड्याला पाऊण तास शांत बसायचं कधी?

गोव्यातल्या चाचण्यांत समुपदेशकाला दुसरं काम नव्हतं. तिला पगार होता. प्रशिक्षणानंतर तिची परीक्षा घेतली जायची आणि सगळ्याच जणी निवडल्या जात नसत. बैठका रुग्णाच्या परवानगीने रेकॉर्ड होत आणि दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून एकमेकींच्या बैठका ऐकत, ठरलेल्या निकषांवर गुण देत, कुठे चुकलं ते सांगत. वर अनुभवी तज्ज्ञ होता. रुग्णाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार आला तर त्याला कुठे पाठवायचं हे पक्कं होतं. निकाल या सगळ्या बांधणीचा आहे. नुसत्या 'साध्या बाई'चा निकाल कुणीच काढलेला नाही. बिनपगारी, बिनदेखरेखीच्या, अर्धा डझन योजनांत वाटल्या गेलेल्या बाईने नैराश्य बरं होतं असा पुरावा पटेलांच्या एकाही चाचणीत नाही, आणि तरी त्यांचंच नाव घेऊन तसा कार्यक्रम मांडला जातो.

याची थोडी जबाबदारी पटेलांकडेही जाते, असं मला वाटतं. सरकारं आणि देणगीदार ऐकावेत म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एक मुद्दा पुढे ठेवला, की हे कमी खर्चात होतं. मुद्दा खरा आहे. पण मंत्रालयात 'कमी खर्च' पोहोचतो तेव्हा तो 'नवा खर्च नाही' असा होऊन पोहोचतो. अलीकडे त्यांचा भर फोनवरून प्रशिक्षण देण्यावर आहे, मध्य प्रदेशात आशांना तसं शिकवून पाहिलं गेलं आहे. प्रशिक्षण स्वस्त आणि सर्वदूर होतंय ही चांगलीच गोष्ट. पण वेळ आणि पगार फोनवरून पाठवता येत नाहीत, आणि हे तितक्याच जोराने सांगायला त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.

त्यांच्यावर दुसऱ्या बाजूनेही टीका झाली आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डेरेक समरफिल्ड यांनी २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधून या सगळ्या चळवळीच्या ज्ञानाच्या पायावरच प्रश्न उभा केला. पाश्चात्त्य निदानं इतर समाजांवर लादली जात आहेत असा त्यांचा रोख होता. सुमीत जैन आणि सुश्रुत जाधव यांनी २००९ साली दाखवलं, की भारतातला सामुदायिक मानसोपचार खेड्यात पोहोचेपर्यंत गोळ्या वाटण्यापुरता उरतो, लोकांचं म्हणणं वाटेत हरवतं. जैन-जाधवांचं म्हणणं मला पटतं. आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या शिबिरात गेलेल्या कुणालाही पटेल. पण त्यावर उपाय म्हणून जे हवं तेच गोव्यातल्या चाचण्यांत होतं. गोळीच्या आधी ऐकणारं माणूस.

समरफिल्ड यांच्या आक्षेपाशी मी अर्धाच सहमत आहे. गरिबी, नवऱ्याची दारू, मुलगी झाल्याचा टोमणा, मोहोर गळून गेलेली बाग यांना आजाराचं नाव देऊन माणसावरच उपचार करायचे, मूळ कारणाला हात लावायचा नाही, हा धोका खरा आहे. पण ही कारणं गोव्यात मोजून मांडली ती पटेलांनीच. बाळंतिणींच्या अभ्यासात जंतू नव्हते, घरातली ओढगस्त होती. आणि जी बाई चार महिने झोपलेली नाही तिला हापूसला हमीभाव मिळेपर्यंत थांब म्हणायचं धाडस माझ्यात नाही. दोन्ही कामं करावी लागतील. मूळ कारणं मिटेपर्यंत उपचार अडवून ठेवण्यात बळी तिचाच जातो.

कोकणाला या चर्चेत आणखी एक अडचण आहे: आपण यादीत नसतो. २०१५ साली राज्याने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी. तिथे तो हवाच होता. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, पटेलांच्याच पठडीतला, आणि नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याला पुरावा आयात करण्याची गरज नाही. कोकणात आत्महत्यांच्या बातम्या तशा रोज येत नाहीत, म्हणून इथलं दुःख कमी समजलं जातं. पण नोंदींवर किती विसंबायचं? २०१०मध्ये देशात सुमारे १ लाख ८७ हजार आत्महत्या झाल्या असाव्यात असा अंदाज पटेल आणि सहकाऱ्यांनी घराघरांतल्या मृत्यूंच्या पाहणीवरून काढला. पोलिसांकडचा त्या वर्षीचा आकडा १ लाख ३५ हजारांच्या आसपास होता. पन्नास हजार मृत्यू कागदावरून निसटतात, तर न मेलेल्या, नुसत्या विझत गेलेल्या बायकांची नोंद कुठे असणार?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६मध्ये सांगितलं, की नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांतले ८५ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. आपल्याकडे उपचार म्हटलं की बोट रत्नागिरीकडे जातं. १८८६ सालचं, ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय, राज्यातल्या चारांपैकी एक. तिथल्या लोकांच्या कामाबद्दल मला आदर आहे, तीव्र आजारात त्याला पर्याय नाही. पण सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला ते दीडशे किलोमीटरहून लांब पडतं, आणि तिथे जायचं म्हणजे घराण्याच्या नावाला बट्टा, मुलीचं लग्न अडणार, ही भीती वेगळी. म्हणून आपली माणसं बांदा ओलांडून गोव्यात, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. २०१८ साली तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं. केवढी विचित्र अवस्था आहे ही! ज्या उपचाराला आठ बैठका, दोन खुर्च्या आणि एक शिकवलेली बाई लागते, त्यासाठी सिंधुदुर्गातला माणूस राज्याची हद्द ओलांडतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशकाचं एक पूर्णवेळ, पगारी पद. त्या भागातली, मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारी, बारावी किंवा पदवीधर, परीक्षा घेऊन निवडलेली. आशाताईने फक्त रुग्ण तिच्यापर्यंत आणायचा आणि त्याचा मोबदला तिला वेळेवर मिळायचा. देखरेखीसाठी जिल्हा कार्यक्रमातला मानसशास्त्रज्ञ दर आठवड्याला तालुक्याच्या सगळ्या समुपदेशकांबरोबर बसेल, आणि अवघड रुग्णांसाठी रत्नागिरीचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर असतील. १४४१६ ही सरकारच्या टेलि-मानसची हेल्पलाइन २०२२पासून आहे, तिचा उपयोग रात्री-अपरात्री होईल, पण फोनवरचं माणूस पुढच्या मंगळवारी समोर बसलेलं नसतं. नैराश्याची औषधं केंद्राच्या साठ्यात हवीत, संपली तर चिठ्ठी लिहून बाहेर पाठवायचं नाही.

पैशाचा प्रश्न विचारला जाईलच. एका समुपदेशकाचा वर्षाचा पगार एखाद्या वाडीच्या साकवापेक्षा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या खर्चापेक्षा मोठा नाही. साकव व्हायला हवेत. पण जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत साकवासाठी हात वर होतात, या पदासाठी एकही होत नाही, कारण या रुग्णांचं शिष्टमंडळ कधी पालकमंत्र्यांना भेटायला जात नाही.

याहून मला खरा वाटणारा आक्षेप वेगळा आहे, आणि तो गावातलीच माणसं घेतात. वाडीत गोष्ट लपत नाही. समुपदेशक कुणाची तरी चुलत सून असणार, तिच्यासमोर नवऱ्याबद्दल बोलायचं कसं? गोव्यातल्या बैठका केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी, त्याला सोयीचं असेल तिथे होत. आपल्याकडे आणखी एक करता येईल. शेजारच्या दोन केंद्रांच्या समुपदेशकांनी आठवड्यातले दोन दिवस जागा बदलायच्या, म्हणजे ज्याला आपल्या गावची बाई नको त्याला दुसरी मिळेल. केस पेपरवर वेगळं नाव, वेगळी खोली, वेगळी रांग नको. ओपीडीच्या त्याच रांगेतून आत जायचं. आणि गुप्तता मोडणाऱ्या समुपदेशकाला कामावरून कमी करायचं, ही अट नेमणुकीच्या पत्रातच हवी.

सुरुवात दोनच तालुक्यांपासून करावी, एक डोंगराकडचा आणि एक किनाऱ्याचा. वैभववाडी आणि मालवण घेता येतील. निवड आणि प्रशिक्षण दिवाळीनंतर, म्हणजे आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत समुपदेशक तयार असतील. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी घरी आलेले असतात, बागेत हात रिकामा नसतो, तेव्हा बैठकांना कुणी येणार नाही. ते महिने आशांबरोबर घरं बघण्यात घालवावेत. दारूच्या चार बैठकांना किनाऱ्यावर जूनसारखा महिना नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, बापये दिवसभर घरात, आणि पिणं वाढतं तेही याच दिवसांत. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जाण्याआधी पहिल्या तुकडीच्या चारही बैठका पुऱ्या होऊ शकतात.